एककानी गाडगं

सान मार्तिनच्या सणाच्या दिवशी वाल्देलोबा गावात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. डुक्कर मरतं आणि नवी वाइन उघडते. यंदा सातूरिओच्या घरी डुक्कर नव्हतं, त्यामुळे आज कोणाचा बळी जायचाच असेल तर तो आपला, हे त्याच्या लेकीला, कासिल्दाला, सकाळपासूनच कळून चुकलं होतं.

ती टेकडीवरच्या तळघराच्या तोंडाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. गावाची वाइनची सगळी तळघरं याच टेकडीच्या पोटात होती. बाहेर फक्त दारं दिसायची आणि वाऱ्यासाठी काढलेली धुराडी. गावात माणसं उरली होती एकसष्ट आणि तळघरं होती एकशे चाळीस. म्हणजे प्रत्येकाने दोन-दोन घेतली असती तरी काही शिल्लक राहिली असती.

"आले," बाबा म्हणाले. ते दगडी बाकावर बसले होते, डोक्यावर ती चपटी काळी टोपी. आई, विसी, खाली बसून द्राक्षवेलींच्या छाटणीच्या वाळक्या काड्या पेटवत होती. कोकराच्या बरगड्या याच काड्यांवर भाजायच्या, दुसऱ्या लाकडावर भाजल्या तर ते नुसतं मटण होतं, असं या घरात मानतात.

बेलार्मीनो काकांची गाडी धूळ उडवत वर आली. काका तीस वर्षं सामोराहून सालामांकाला बस नेत आणि आणत होते. वळणं घ्यायची इतकी सवय झाली होती की मत वळवायचं असलं तरी त्यांना आरशात बघावं लागत नसे. त्यांच्या शेजारून ओबदुलिआ आत्या उतरली. आधी पर्स, मग आत्या. पर्समध्ये सोलर कंपनीचे कागद होते. कंपनीची मुदत आजची होती.

"काय गं," आत्या कासिल्दाच्या गालाला गाल लावत म्हणाली, "चिलीच्या उन्हातून आलीस, इथे थंडी वाजत असेल."

"वाजते, आत्या."

"वाजणारच. माणसं गेली की गाव गार पडतं."

हा पहिला चिमटा. बरगड्या अजून निखाऱ्यावर पडायच्या होत्या.

भांडणाचं मूळ आजोबांच्या खोडसाळपणात होतं. वारण्यापूर्वी त्यांनी द्राक्षमळ्याचे तीन तुकडे केले नाहीत, वेलींच्या ओळी वाटल्या. पहिली ओळ सातूरिओची, दुसरी ओबदुलिआची, तिसरी बेलार्मीनोची, चौथी पुन्हा सातूरिओची, आणि असंच ओढ्यापर्यंत. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या त्या फक्त सुरुवात कोणाची एवढ्यासाठी. एकट्याला आपला वाटा विकता येऊ नये आणि भावंडांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांची तोंडं बघावीत, ही म्हाताऱ्याची इच्छा. ती पुरी झाली. एकतीस वर्षं ती तिघं एकमेकांची तोंडं बघत होती, आणि दर वर्षी ती थोडी जास्त वाकडी दिसत होती.

कंपनीला काचेची पॅनेलं मांडायला मळा हवा होता तो अख्खा, नाहीतर नको. गेली दोन वर्षं सातूरिओची वाइन अशी झाली होती की ठरलेली गिऱ्हाइकं एकेक करून नमस्कार करायलाही थांबेनाशी झाली. तेव्हा आईने चिलीला फोन केला, आणि सतरा वर्षं दुसऱ्यांची वाइन करून नाव कमावलेली कासिल्दा मार्चमध्ये दोन पेट्या घेऊन परत आली. आत्याने तिला एक हंगाम दिला होता. निकाल आजच्या दिवशी, घरच्या रीतीने.

रीत अशी. नवी वाइन गाडग्यात भरायची. ते तीन भावंडांत थोरल्यापासून धाकट्यापर्यंत फिरतं. ज्याला पसंत पडली त्याने "वाइन आहे" एवढंच म्हणायचं. ज्याला नाही पडली त्याने गाडग्यातली उरलेली वाइन जमिनीवर ओतायची. एकाने जरी ओतली तरी ती त्या वर्षीची वाइन नव्हेच. आणि गाडगं वर्षातून एकदाच भरायचं. पणजोबांच्या काळात भावांनी ते तीनदा भरलं होतं, त्या दिवशी गाडग्याच्या धरायच्या दोन कानांपैकी एक गेला आणि एका भावाचे दोन दात. तेव्हापासून हा नियम आहे आणि गाडगं एककानी आहे.

यंदाचा करार साधा होता. आत्याने ओतली, तर तिघांनी कागदांवर सह्या करायच्या. नाही ओतली, तर पुढच्या सान मार्तिनपर्यंत मळा आहे तसा राहील.

"मी काय म्हणतो," बेलार्मीनो काका बरगडीचं हाड चोखत म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे."

"कोण दोघी?" आत्या.

"तू आणि कासिल्दा."

"ती अजून काही बोललेलीच नाही."

"बोलेल तेही बरोबरच असेल."

आत्याने सुस्कारा टाकला. "दादा, मी काही मळ्याची वैरी नाही. मी त्या वेलींच्या बुंध्याशी चालायला शिकलेय. पण तू पंचाहत्तरचा, मी एकाहत्तरची, आणि हा," तिने काकांकडे हाड रोखलं, "हा जन्मापासून म्हाताराच. मला मेलेल्या वेली बघायच्या नाहीत. त्यापेक्षा काच बरी. काचेला भुरी येत नाही, काचेची छाटणी करावी लागत नाही, आणि काच चिलीला निघून जात नाही."

"गारांनी काच फुटते, ओबदुलिआ," बाबा शांतपणे म्हणाले.

"तिचा विमा असतो."

कासिल्दाने पावाचा तुकडा मोडला. निघून जाण्याबद्दल तिला जे म्हणायचं होतं ते या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. चिलीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात वाइनच्या वर्गातल्या मास्तरांनी छोट्या कुप्या फिरवल्या होत्या. प्रत्येकीत बिघडलेल्या वाइनचा एकेक वास. ही शिरक्याची, ही सडक्या अंड्याची, ओळखा. चौथी कुपी हुंगली आणि कासिल्दाचे डोळे भरून आले. तिने हात वर केला.

"बोला, कशाचा वास आहे?"

"आमच्या घराचा," ती म्हणाली.

सगळा वर्ग हसला. मास्तरांनी प्रेमाने समजावलं की हा एक जंतू असतो, जुन्या न धुतलेल्या लाकडात राहतो, वाइनला ओल्या खोगिराचा आणि लवंगेचा वास लावतो, आणि सुसंस्कृत तळघरात त्याला थारा नसतो. कासिल्दाने ते सगळं वहीत लिहून घेतलं. कुठलं लाकूड तेही तिला तेव्हाच कळलं. घरचं तिसरं पिंप. शेजारच्या एका विधवेकडून आजोबांनी घेतलेलं, म्हणून सगळे त्याला 'विधवा' म्हणत. घरची सगळी वाइन थोडे दिवस तरी विधवेत राहून मगच बाटलीत जाई. तीन पिढ्या ज्याला 'आपली चव' म्हणत आल्या तो रोग होता. तास संपल्यावर कासिल्दाने ती चौथी कुपी चोरली. ती अजून तिच्याजवळ होती.

"दादा," आत्या पर्स उघडत म्हणाली, "गेल्या वर्षीची एक बाटली माझ्या फडताळात राहून गेली होती. बघ बरं, टिकलीय का."

तिने कागदांच्या मागून बिनलेबलाची बाटली काढली आणि पेल्यात ओतली. बाबांनी पेला उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. तीन पिढ्यांचं मुरलेलं ते डोळे मिटणं होतं. मग त्यांनी घोट घेतला.

"वा. टिकलीय. जरा मागून येतोय, पण विधवेचा वास येतोय."

आईने नुकतीच उलटलेली बरगडी पुन्हा उलटली. कासिल्दा हातभर अंतरावर होती आणि तिच्या नाकाला पेल्यातलं सगळं कळलं होतं. म्हणजे, काहीच नव्हतं ते कळलं होतं.

"पेट्रोल पंपावरच्या दुकानातली आहे, दादा," आत्या म्हणाली. "खोक्यातली. आज सकाळी याने तेल भरलं तेव्हा घेतली."

"मला वाटलं रश्श्यात घालायला घेतेस," काका पुटपुटले.

बाबांनी टोपी काढली. ती ते फक्त देवळात आणि डॉक्टरसमोर काढत. टोपीखालचं कपाळ लहान मुलासारखं पांढरं होतं.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "तो ताप आला होता ना, त्यानंतर. आधी कॉफी गेली. मग पाव. मला वाटलं येईल परत. मग..." त्यांनी आईच्या केसांकडे बघितलं आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. "मग सगळंच गेलं."

आत्या जिंकली होती, पण तसं दिसत नव्हतं. पस्तीस वर्षं टपाल कचेरीत दुसऱ्यांची पत्रं न उघडता हाताळणारी बाई पहिल्यांदाच कोणाचं तरी पत्र उघडून बसली होती.

"मग दोन वर्षं वाइन चाखत कोण होतं?" तिने हळूच विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"वहिनी, तुम्ही? तुम्हाला तर वाइनचा वाससुद्धा सोसत नाही!"

"म्हणूनच तर. अगदीच सोसवेना की मी म्हणायची, झाली तयार."

बेलार्मीनो काकांना हसू आलं आणि ते लपवायला त्यांनी पावाचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की ठसका लागला. आईने त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले. त्यातला एकच ठसक्यासाठी होता.

"असं असेल तर दादाचं मत धरायचं कसं?" आत्या सावरून म्हणाली.

"रीतीत थोरल्याने आधी प्यायचं एवढंच आहे, आत्या," कासिल्दा उठली. "त्याला नाक असलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं कुठे काहीच नाही!"

"मीही तेच म्हणतेय."

तिने गाडगं घेतलं, मेणबत्ती पेटवली आणि दार ढकललं. मेणबत्ती उजेडासाठी नव्हे, विजेचा दिवा होताच. वाइन आंबते तेव्हा तळघरात विषारी हवा साचते, ज्योत विझली की माणसाने मागे फिरायचं. नोव्हेंबरात ती भीती उरत नाही, पण मेणबत्तीशिवाय खाली उतरणारा या गावात एकतर परका असतो नाहीतर मेलेला.

त्रेचाळीस पायऱ्या. वीस उतरल्यावर मागे बाबांची पावलं वाजली.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"जूनपासून. आईने दूध करपवलं आणि तुम्ही म्हणालात, कसला छान वास सुटलाय."

"मला वाटलं, काहीतरी गोडाचं असेल." ते दोन पायऱ्या उतरले. "रोज सकाळी इथे येऊन उभा राहतो. वाटतं, आज येईल. दगड दिसतो, ओल हाताला लागते, थंडी वाजते. सगळं घर जागेवर आहे गं. फक्त घरात कोणी नाही."

कासिल्दाला यावर एक वाक्य सुचलं होतं, पण ते चिलीतल्या सतरा वर्षांचं होतं आणि पायऱ्या तेवीसच उरल्या होत्या.

"विधवा फोडलीस तेव्हा लाकूड कोरडं होतं का आतून?" बाबांनी विचारलं.

"नाही फोडली."

"सप्टेंबरात तर म्हणालीस."

"खोटं बोलले. मागच्या कोनाड्यात सरकवलीय. आडाजवळच्या तीन ओळींची द्राक्षं तिच्यात घातली. तुमची एक, आत्याची एक, काकांची एक."

"का?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

"कशी येतेय?"

"भयंकर."

बाबा हसले. मार्चपासून पहिल्यांदाच. मग भिंतीला हात लावून थांबले. "बरं, ऐक. गाडगं नव्या पिंपातून भर. चांगल्यातून. ओबदुलिआला नाक आहे. माझ्यासाठी हरू नकोस."

एवढं सांगून ते वर गेले. पायऱ्या चढताना ते प्रत्येक पायरी मोजत, आणि चुकले की पहिल्यापासून सुरू करत. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झालेली कासिल्दाला खाली ऐकू आली.

नव्या पिंपातली वाइन उत्तम होती. ती परीक्षक असती तर तिने स्वतःला पहिलं बक्षीस दिलं असतं. गर्द रंग, पिकल्या करवंदांसारखा गोडसर वास, शेवटी थोडी दगडाची चव. कुठल्याही देशात, कुठल्याही टेबलावर ही वाइन शोभली असती. नेमकी तिथेच कासिल्दाची पंचाईत होती. वर बसलेल्या तिघांपैकी एकानेही आयुष्यात 'कुठल्याही देशात' राहून बघितलेलं नव्हतं. ते तिने एकटीने बघितलं होतं.

ज्योत सरळ उभी होती. तिने मेणबत्ती उचलली आणि मागच्या कोनाड्याकडे गेली.

वर बाबांनी गाडगं दोन्ही हातांत घेतलं. नाकाजवळ नेलं नाही. सरळ घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"वाइन आहे," ते म्हणाले. "माझ्या जिभेपुरती."

आत्याला नियमाबाहेरचा शब्द खटकला, पण तिने सोडून दिला. मधल्या बहिणीने आता प्यायचं. पण पर्स मांडीवरून बाजूला ठेवण्यात तिचा क्षण गेला आणि बेलार्मीनो काकांनी गाडगं ओढून घेतलं. त्यांनी ओठ लावला आणि तसेच थांबले.

"अरे! हे तर खोगीर!"

"काय?"

"आपल्या गोलोंद्रीनाचं! पावसात भिजून खेचर गोठ्यात यायचं ना, तेव्हाचं!"

"तुला मेलं प्रत्येक गोष्टीत खेचर. आण इकडे." आत्याने गाडगं हिसकावलं. नाक आत गेलं आणि बराच वेळ बाहेर आलं नाही. आलं तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. "खोगीर कसलं? हा आपल्या बाबांचा कोट आहे. रविवारचा. कपाटात आई लवंगा ठेवायची."

"लवंग आहे. पण आधी खोगीर येतं."

"आधी कोट!" तिने पुन्हा घोट घेतला. "कोटच. खांद्याची बाजू."

"आण बघू." काकांनी प्यायलं. "खोगीर. पट्ट्यासकट."

"भांडू नका," बाबा म्हणाले. "खेचर विकलं त्याच पैशांत कोट शिवला. दोन्ही एकदम असतील कसे?"

"आहेत ना पण, दादा! तू स्वतः..." आत्या थांबली. मग ती बाकावर सरकून त्यांच्या अगदी शेजारी बसली. "थांब, मी सांगते तुला." तिने घोट घेतला. "हं. आधी लवंग. हलकीच. मग ते ओलं, ते, बरं बाई, खोगीरच म्हण. मग धूर. आपल्या चुलीचा नाही, बाहेरचा."

"काड्या जाळायचो तो? फेब्रुवारीतला?"

"तोच!" आणखी एक घोट. "तू पाय भाजून घेतला होतास तो."

"डावा."

"उजवा," काका म्हणाले आणि खात्री करायला त्यांनीही एक घोट घेतला.

"आणि शेवटी?" बाबांनी विचारलं. ते डोळे मिटून बसले होते. यावेळचं डोळे मिटणं पेल्यासाठी नव्हतं. "सगळ्यात शेवटी काय येतं, ओबदुलिआ?"

आत्याने गाडगं पार कपाळापर्यंत वर केलं.

"हे दार," ती म्हणाली. "पहाटेचं. बाबा उघडायचे आणि आपण तिघं मागे उभे असायचो, तेव्हा आतून जे यायचं ते."

बाबांनी मान हलवली. निखाऱ्यावर एक बरगडी करपत होती आणि बाबा सोडून सगळ्यांना ते कळत होतं, पण कोणी उठलं नाही. कासिल्दाला त्या जंतूचं पूर्ण नाव येत होतं, ते तिने म्हटलं नाही.

मग आत्या भानावर आली. तिने शालीची टोकं ओढून घेतली, पर्स काखेत मारली आणि ताठ उभी राहिली. गाडगं तिच्याच हातात होतं.

"हे बघा. आठवणी वेगळ्या, वाइन वेगळी. ही वाइन बिघडलेली आहे."

"आहे," कासिल्दा म्हणाली.

"तू कबूल करतेस?"

"त्यासाठीच तर चिलीत शिकले, आत्या."

"मग मी ओतणार. माझ्या मनात काही नाही, पण मी ओतणार."

तिने हात लांब केला आणि सगळ्यांच्या देखत गाडगं जमिनीवर उलटं केलं.

एक थेंब पडला. मग विचार करून दुसरा पडला. तिसरा काठाशी आला, थरथरला आणि तिथेच राहिला.

"संपली," बेलार्मीनो काका म्हणाले. त्यांच्या आवाजात शोक होता, पण तो वेगळ्या कारणाचा.

"भर गं पुन्हा," आत्या म्हणाली.

"वर्षातून एकदाच, आत्या."

"ओतायला वाइनच नसेल तर ओतायचं काय?"

"मी काय म्हणतो," काका म्हणाले, "दोन थेंब पडले ते ओतणं नव्हे. त्याला गळणं म्हणतात."

आत्याने भावांकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, खालच्या उतारावर पिवळ्या पडलेल्या ओळींकडे बघितलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग पुढच्या वर्षी ओतते."

"पुढच्या वर्षी ओता," कासिल्दा म्हणाली.

"पहिलाच घोट घेऊन ओतेन. थांबणार नाही."

"नका थांबू."

पाकीट हातावर घेऊन ते किती ग्रॅमचं आहे हे तराजूशिवाय सांगायची, अशी ओबदुलिआ आत्याची सामोराच्या टपाल कचेरीत ख्याती होती. गाडगं रिकामं आहे हे अशा बाईच्या हाताला उलटं करण्यापूर्वी कळलं नसेल का, असा प्रश्न कासिल्दाच्या मनात आला. तिने तो विचारला नाही. आत्या पाठमोरी होऊन करपलेली बरगडी निखाऱ्यातून काढत होती आणि वहिनीला दोष देत होती.

बाबांनी हात पुढे करून आत्याने बाकावर ठेवलेलं गाडगं घेतलं. एका कानाने धरलं, दुसरा हात खाली लावला, आणि आत नाक घातलं. श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. कोणाला दाखवायला नव्हे. बरगड्या वाढल्या गेल्या, पाव तोडला गेला, काका म्हणाले की दोघांचंही बरोबर आहे, आणि बाबा अजून त्या रिकाम्या मातीत तोंड घालून बसले होते.

"घे गं त्यांच्या हातातलं," आई हळूच कासिल्दाला म्हणाली. "मला नाही बघवत."

कासिल्दाचा हात कोटाच्या खिशात होता. तिथे ती कुपी होती. तिच्यातला वास उडून गेला त्याला आता सहा वर्षं झाली होती. तरी तिकडे चिलीत, डोंगरांच्या पलीकडे, दर रविवारी ती झाकण काढून हुंगायची, आणि दर रविवारी हे दार उघडायचं.

"असू दे, आई," ती म्हणाली. "वेळ लागतो."